थेरपी चालू केल्यापासून स्वप्नं वाढलीत, हे बरोबर चाललंय का?

शिरोळकर_३१ · १६ फेब्रुवारी, रात्री १:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर समजून घ्या.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, नदीकाठचं गाव. आता कोल्हापुरात राहतो, शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. २०१९ च्या पुरात आमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, दोन सुटल्या, दोन गेल्या. आत्ता एवढंच लिहितो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही आधीच बाहेर पडलेलो, तसं नुकसान झालं नाही, पण माझं जे काय बिघडलं ते तेव्हापासनं जास्तच. जून उजाडला की झोप जाते. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की धडधड, घाम. दिवसातनं तीस-चाळीस वेळा मोबाईलवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघायची, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगीन. २०१९ ला ती ५५ च्या वर गेलेली. २०२४ च्या जुलैत धोका पातळी ओलांडली तेव्हा मी चार दिवस कामावर गेलो नाही, पुलावरनं गाडी घालायचं धाडसच होईना. गावाकडं आमच्या गोठ्यात तर तेव्हापासनं पाय ठेवला नाही, कुठं ओल्या शेणाचा वास आला तरी पोटात ढवळतंय.

शेवटी बायकोनं हाताला धरून नेलं. आधी मानसोपचार डॉक्टर, त्यांनी पीटीएसडी सांगितलं, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात अडकून बसणारा आजार, आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं पाठवलं. दर शनिवारी दीड तास. प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात या पद्धतीला. पहिले दोन शनिवार सगळी माहिती, श्वासाचा व्यायाम, आणि मी काय काय टाळतोय त्याची यादी, प्रत्येकासमोर भीतीचा आकडा शंभरपैकी. पूल ६०, घाटावर पाण्याजवळ उभं राहणं ७५, गोठा १००. तिसऱ्या शनिवारपासनं डोळे मिटून ती रात्र सांगायची, आत्ताच घडतंय अशी, एकदा संपली की परत पहिल्यापासनं, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं.

काल पाचवा शनिवार झाला. आणि आठवड्यातनं एखादं यायचं ते स्वप्न आता रोज यायलंय. परवा पोरीच्या हातनं ताट पडलं तर मी असा ओरडलो की ती आजीच्या मागं जाऊन लपली, चार वर्षांची आहे ती. कामावर लेथसमोर उभा असताना दोनदा एकदम रडू आलं, जे मला गेल्या पाच वर्षांत एकदापण आलेलं नाही. आई म्हणते, "मी तर पहिल्यापासनं म्हणतो, झाकलेलं झाकलेलंच बरं."

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं सांगा. हे मधी असं होतं का? आणि संपल्यावर काय राहतं? की सोडून देऊ?

कागल_रोड · १६ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

दादा, एकच आधी, रात्री दीड वाजता काही ठरवू नका. मी ठरवलेलं. सहाव्या सेशनच्या आदल्या रात्री फोन करून सांगितलं पण की मी आता येत नाही. मॅडम म्हणाल्या, का येत नाहीस तेवढं समोर येऊन सांगशील का? गेले, आणि त्या दिवशी जे झालं त्याच्यामुळं आज मी हे लिहितेय.

माझं कारण वेगळं. डिसेंबरातली रात्र, धुकं, मी आणि माझा दादा बाईकवर, पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. दादा जागेवर गेला. माझ्या पायात रॉड बसला. दोन वर्षं मी रस्त्याच्या त्या बाजूनं गेले नाही, दादाचा फोटो कपाटात उलटा ठेवलेला, आणि कुणी दादाचं नाव काढलं की मी उठून आत जायचे.

माझी पद्धत सीपीटी होती, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ती साधारण बारा सेशनची असते. त्यात डोळे मिटून सांगण्यापेक्षा लिहायचं जास्त. डोक्यात जे वाक्य अडकून बसलंय ते शोधायचं आणि त्याची तपासणी करायची. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं, "मी लवकर चल म्हटलं म्हणून दादा गेला." मॅडमनी ते वाक्य खोटं आहे असं एकदाही म्हटलं नाही, घरातले सगळे तेच म्हणत होते आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. त्या नुसतं विचारत गेल्या. लवकर चल म्हणालीस तेव्हा वेग किती होता? चाळीसच्या आसपास. त्यानंतर त्यानं वाढवला? नाही, धुकं होतं, उलट कमी केला. मग ट्रॉलीला मागं लाल पट्टी नव्हती हे या वाक्यात कुठं लिहिलंयस? मी वहीकडं बघत बसले. दोन वर्षांत ती ट्रॉली त्या वाक्यात आलीच नव्हती हो. त्यात फक्त मी होते.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं. त्या सेशननंतर मी बरी झाले नाही, दहा दिवस लई वाईट गेले. अपराधीपणाची पकड सुटली तशी खाली नुसतं दुःख होतं. दादा नाही हे मला दोन वर्षांनी पहिल्यांदा कळल्यासारखं झालं. घरच्यांना वाटलं ही बिघडली, लक्षणं मोजायच्या प्रश्नावलीतला आकडा पण वर गेला. पण आधी मी दचकायचे आणि आता मी रडत होते, हे दोन वेगळे आहेत, आतनं कळतंय ते. तुम्ही लिहिलंय ना, पाच वर्षांत पहिल्यांदा रडू आलं, मी ते वाचून थांबले.

संपल्यावर काय राहतं ते पण सांगते. सगळ्यात आधी गेलं ते दिवसा अचानक डोळ्यासमोर येणारं चित्र. मग चिडचिड. झोप सगळ्यात शेवटी, थेरपी संपून चार महिने झाले तरी पहाटे तीनला टक्क जाग, त्याच्यासाठी वेगळं काम करायला लागलं, झोपायची-उठायची वेळ बांधून घेणं, जाग आली की अंथरुणात पडून न राहणं वगैरे. मग आला हंगाम. कारखाने चालू झाले, रस्त्यानं ट्रॉल्या, पाचटाचा वास, आणि मला परत पहिल्यासारखं व्हायला लागलं. वाटलं सगळं वाया गेलं. पहिल्या हंगामात ते तीन आठवडे टिकलं, दुसऱ्यात चार-पाच दिवस. यंदा एसटीच्या खिडकीतनं पहिली ट्रॉली बघितली तेव्हा हात आपोआप दांड्याला घट्ट धरले गेले आणि कागल यायच्या आत सैल झाले. आठवण तेवढीच आहे, पुसट झालेली नाही. पूर्वी ती मला घेऊन जायची, आता येते आणि जाते.

गडहिंग्लज_फौजी · १६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वाईट वाटून घेऊ नका पण मनापासून विचारतो. मी १९९९ ला कारगिलला होतो. परत आल्यावर कुणाशी एक शब्द बोललो नाही, बायकोशी पण नाही, आणि नोकरी पूर्ण केली, पोरं शिकवली. आमच्या वेळी शिकवण हीच, की मागचं मागं. या भावाचं बघून मला असं वाटतंय की बोलून खपली काढल्यासारखं होत नाही का? आठवण तर मला रोज येते, मी तिचा विचार पण करतो, म्हणजे मी ती टाळतोय असं नाही ना. मग बोलण्यात वेगळं काय होतं?

मिरजेची_ताई · १६ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथं कुणाचं निदान करणार नाही आणि शिरोळकर, तुमच्या थेरपिस्टच्या जागी तर अजिबात बोलणार नाही, पण दोघांचे प्रश्न इतके नेमके आहेत की राहवलं नाही.

फौजीकाका, आधी तुमचं, कारण त्यात शिरोळकरांचं उत्तरही आहे. रोज आठवण येणं आणि ती मुद्दाम, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं यात फार फरक आहे. आठवण आपणहून येते तेव्हा ती तुकड्यात येते, सगळ्यात वाईट तुकडाच येतो, आणि आपण लगेच ती ढकलतो. उठून चालायला लागतो, टीव्ही लावतो, कुणावर तरी डाफरतो. त्यामुळं मेंदूला दर वेळी एवढंच कळतं की ही आठवण भयंकर होती आणि पळालो म्हणून वाचलो. थेरपीत आपण तिथं थांबतो. भीती चढते, खूप चढते, आणि मग काही न करता उतरायला लागते, हे अंगाला कळावं लागतं, सांगून कळत नाही. आठवण पुसली जात नाही. जुन्या शिकवणीशेजारी नवी शिकवण तयार होते, की हे घडून गेलंय, आत्ता घडत नाहीये.

आता वाढण्याबद्दल. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या यादीत १९८० साली आलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याची २० लक्षणं चार गटांत मांडली आहेत: आठवणी-स्वप्नांचा मारा, टाळाटाळ, मनाचा सूर आणि स्वतःबद्दलचे विचार, आणि सतत सावध-चिडलेलं अंग. हे चार गट एका चालीनं उतरत नाहीत. टाळणं कमी केलं की काही दिवस मारा वाढू शकतो, कारण आतापर्यंत टाळणं हाच त्याच्यावरचा बांध होता. आणि बधिरपणा ओसरला की रडू, राग, दुःख जाणवायला लागतं, जे माणसाला आणि घरच्यांना बिघडल्यासारखं दिसतं. तुमचं लेथसमोरचं रडू मी या खात्यात धरीन.

सगळ्यांचंच वाढतं असंही नाही. एडना फोआ, ज्यांनी ही एक्स्पोजरची पद्धत बसवली, त्यांच्या गटानं २००२ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता. लक्षणं खरोखर वाढलेल्या स्त्रिया थोड्याच निघाल्या, आणि ज्यांची वाढली त्या थेरपी जास्त सोडून गेल्या असं झालं नाही, शेवटी त्यांना फायदा कमी झाला असंही झालं नाही. हा धागा वाचणाऱ्या ज्यांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "मी संपलो" वाटतंय त्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण साधारण पाचातला एक जण मध्येच थांबतो आणि बऱ्याचदा अशाच आठवड्यात थांबतो.

पण प्रत्येक वाढ चांगली असंही मी म्हणणार नाही. मरणाचे विचार यायला लागले, दारू वाढली, मधला वेळ कुठं गेला तेच कळत नाही असं व्हायला लागलं, किंवा आठवड्यामागून आठवडे नुसता आकडा चढतोय आणि थेरपिस्ट विचारतच नाही, तर ते त्यांना त्याच दिवशी सांगायचं, शनिवारची वाट बघायची नाही. मोजतात ना तुमचं? पीसीएल-५ नावाची प्रश्नावली असते, २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, म्हणजे ८० पैकी. एखाद-दोन गुणांच्या वर-खाली होण्याला अर्थ नाही, दहाच्या आसपास हललं तर खरं काहीतरी हललं.

आणि शिरोळकर, एक साधी चौकशी. रेकॉर्डिंग कधी ऐकता, आणि पूर्ण ऐकता का?

वैनी_फुलेवाडी · १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, घरातल्या माणसाच्या. मिस्टरांचं कारण इथं लिहित नाही, पण त्यांनी पण हीच थेरपी केली. पाचवा-सहावा आठवडा आमच्या घरात सगळ्यात कठीण गेला आणि मी थेरपिस्टला भांडायला गेले होते की माणूस होता त्यापेक्षा वाईट करून पाठवलाय. त्यांनी मला बसवून सगळं समजावलं, ते जर पहिल्या दिवशी समजावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते, तुमच्या वैनींना एकदा सोबत घेऊन जा.

सेशन झाला त्या संध्याकाळी "काय सांगितलंस आज" असं विचारायचं नाही हे मी शिकले. चहा ठेवायचा, पाहुणे बोलवायचे नाहीत, पोरांना मामाकडं पाठवायचं. आणि पोरीला सांगा की बाबा तुझ्यावर ओरडला नाही, बाबाला आवाजाची भीती वाटली. लहान पोरांना हे कळतंय, आमच्याला कळलं.

फरक पण आधी घरच्यालाच दिसतो. आम्ही मिसळ खायला गेलो, आणि ते दाराकडं पाठ करून बसले. आठ वर्षांत पहिल्यांदा! त्यांच्या लक्षात पण आलं नाही. मी काही बोलले नाही, पण मला तो घास गिळेना.

रंकाळा_संध्याकाळ · १७ फेब्रुवारी, रात्री ११:१०

सगळ्यांचं वाचून मला थोडं वेगळं सांगावंसं वाटतंय, कारण मी एकदा सोडलं आणि सोडलं ते बरोबरच केलं. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत, ओळख ना पाळख, सगळं सांग म्हणाले. मी सांगितलं, तास संपला, पैसे घेतले, पुढं काय याचा एक शब्द नाही. घरी कशी पोचले ते आठवत नाही. पुढं दोन वर्षं मी या विषयाच्या जवळ गेले नाही.

नंतर जिथं गेले तिथं आधी बरेच आठवडे फक्त झोप, राग आवरणं, शरीर भानावर आणणं एवढंच. माझं लहानपणापासूनचं आहे, एका रात्रीचं नाही, त्यामुळं बारा-पंधरा सेशनमध्ये संपलं नाही, दोन वर्षं झाली. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशाला कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून वेगळं नाव आहे, ते ऐकून मला कितीतरी सुटल्यासारखं वाटलं. माझा आलेख खाली-वर, खाली-वर असाच आहे. भीती गेली पण माणसांवर विश्वास ठेवायला अजून वेळ लागतोय. एवढंच म्हणायचंय की कागलच्या ताईंसारखं बारा सेशनमध्ये झालं नाही तर स्वतःला कमी समजू नका.

मिरजेची_ताई · १८ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

रंकाळा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमच्यासोबत पहिल्या ठिकाणी जे झालं ती थेरपी नव्हे. संकटानंतर लगेच माणसाला एकदा बसवून सगळं ओकायला लावायचं आणि सोडून द्यायचं, याला पूर्वी डीब्रीफिंग म्हणून फार मान होता, पुरानंतर, अपघातानंतर सर्रास करायचे. पण त्यानं पीटीएसडी टळत नाही असं वारंवार दिसलं, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचनेत तर ते करू नका असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या दिवसांत माणसाला कोरडी जागा, जेवण, आपली माणसं आणि खरी माहिती लागते. बोलायचं असेल तर ऐकायचं, खोदायचं नाही. बरेच जण पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आपणहून सावरतात. ज्यांचं अडकून बसतं त्यांच्यासाठी ही थेरपी.

शिरोळकर_३१ · ९ मार्च, सकाळी ११:००

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. मी रेकॉर्डिंग रात्री अकराला अंथरुणात ऐकत होतो, आणि पूर्ण ऐकतच नव्हतो. दर वेळी एकाच जागी बंद करत होतो. हे मी सरांना पण सांगितलेलं नव्हतं. तुम्ही विचारल्यावर पुढच्या शनिवारी सांगितलं. सर रागावले नाहीत, म्हणाले आता आपल्याला कळलं कुठं काम करायचंय ते. वेळ बदलून संध्याकाळी सहाला केली, गच्चीवर, ऐकून झालं की खाली येऊन पोरीला फिरायला न्यायचं.

ती जागा म्हणजे विळा पडतो ती.

आता लिहू शकतो म्हणून लिहितो. पाणी मांडीपर्यंत होतं. दोन म्हशींची दावी मी विळ्यानं कापली. तिसरीचं कापताना विळा हातातनं निसटून पाण्यात गेला. आणि माझ्या डोक्यात पाच वर्षं पुढचं एकच वाक्य, विळा पडला आणि मी पळालो. कागलच्या ताईंचं वाक्य वाचलं तेव्हाच मला कळलेलं की हे माझं तसलंच वाक्य आहे.

सर आता फक्त तेवढाच भाग सांगायला लावायचे, परत परत, सावकाश. विळा पडतो, मग? पाणी कसं आहे? हात कुठंयत? तिसऱ्या वेळी मी म्हणालो, मी खाली वाकतो, बुडी मारतो, हाताला दावं लागतंय, गाठ भिजून दगड झालीय, बोटं आत जाईनात. वर येतो. परत बुडी. अंगठ्याच्या नखात काहीतरी गेलंय. मग मागनं कुणीतरी शर्टाची कॉलर धरून ओढतंय.

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासनं वाकडं येतं. रोज बघतो मी ते. कशानं झालं हे एकदापण मनात आलं नव्हतं.

पण मी मनानंच रचलं असलं तर, म्हणून घरी फोन लावला. वडिलांनी आजपर्यंत हा विषय काढला नव्हता, मी पण नाही. म्हणालो, त्या रात्री मला बाहेर कुणी काढलं? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच ओढला की तुला. दोनदा आत गेलास. तिसऱ्यांदा गेला असतास तर वर आला नसतास." आणि मग म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यावर रागावलायस, म्हशी सोडायला दिल्या नाहीत म्हणून."

आठव्या शनिवारी प्रश्नावलीचा आकडा ४४ आला. सुरुवातीला ५८ होता, हा धागा काढला त्या आठवड्यात ६३. स्वप्नं आठवड्यात दोन. एक स्वप्न तर असं पडलं की विळा पडला आणि पुढं वडील आले, आधी स्वप्न तिथं पोचायच्या आधीच मी जागा व्हायचो.

गडहिंग्लज_फौजी · ९ मार्च, दुपारी १२:२५

वाचलं. दोनदा वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

शिरोळकर_३१ · १३ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

काल शेवटचा सेशन झाला. एकूण तेरा. आकडा २४. पुलावर आता गाडी थांबवून खाली बघतो, घाटावर पोरीला घेऊन जातो, ती पाण्यात दगड टाकते. शेणाच्या वासानं अजून थोडं होतं. पातळी बघणं उन्हाळ्यात काय कळणार, ते पावसाळ्यात कळेल. सरांनी ऑगस्टमध्ये एक भेट आत्ताच ठरवून ठेवलीय.

सगळं गेलं असं म्हणणार नाही. झोप पाच तास. आणि राग आहे, तो आता कुठं लावायचा कळत नाही, म्हशींची भरपाई, तेव्हा वेळेत न आलेली सूचना, सगळ्याचा एकदम यायलाय. सर म्हणाले हा राग आधी पण होता, तो सगळा तुम्ही स्वतःवर काढत होतात. गोठा बाकी आहे, तो मी माझ्या मनानं करणार.

मिरजेची_ताई · १४ एप्रिल, सकाळी ८:००

अभिनंदन, अगदी मनापासून. झोपेची तक्रार मागे राहणं फार जणांचं होतं, तिचा वेगळा उपचार आहे, तो मागून घ्या, "एवढं तर चालायचंच" म्हणून सोडू नका.

आणि संपल्यावर काय राहतं विचारलं होतंत ना, तर टिकतं का ते सांगते. पॅट्रिशिया रेसिक, ज्यांनी सीपीटी बसवली, त्यांनी सीपीटी आणि एक्स्पोजर घेतलेल्या स्त्रियांना ५ ते १० वर्षांनी परत शोधून तपासलं होतं, २०१२ मध्ये ते छापून आलं. पाचातल्या जवळपास चौघींना तेव्हा पीटीएसडी नव्हता. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रिया होत्या त्या, मधल्या काळात त्यांच्याही आयुष्यात बाकी कायकाय झालंच असणार. पावसाळ्यात लक्षणं डोकं वर काढतील. तेव्हा टाळणं परत चालू होत नाही ना तेवढं बघा, बाकी ती आपली खाली येतात.

शिरोळकर_३१ · २७ जुलै, रात्री १०:१५

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत, भोंगा वाजला, ग्रुपवर मेसेज चालू झालेत. कालपासनं पत्र्यावर एकसारखा वाजतोय. म्हणून आज लिहितोय.

झोप गेली. स्वप्न आलं, सलग तीन रात्री. पहिल्या रात्री मी परत मोबाईल घेऊन बसलो, पातळी, पातळी, पातळी. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं आणि ठरवलं, दिवसातनं दोनदा बघायची, सकाळी एकदा आणि रात्री जेवणाआधी एकदा. बघायला तर पाहिजेच, आमच्या गावात पाणी येतंच, ती भीती खोटी नाही. पण दोनदा बघून जे कळतं तेच चाळीसदा बघून कळतं. काल कामावर गेलो, पुलावरनं गेलो. आज पण.

आणि बेंदराला गावाकडं गेलो होतो जूनमध्ये, ते सांगायचं राहिलं. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर असतो. भावानं नवीन म्हैस घेतलीय. गोठ्याच्या दारात दहा मिनिटं उभा राहिलो, भीतीचा आकडा शंभर नव्हता पण नव्वद होता. आत गेलो. वडील गव्हाणीत वैरण टाकत होते, बघितलं आणि काही बोलले नाहीत, पेंडी माझ्या हातात दिली. अर्धा तास होतो आत. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, तिचं पोट आत-बाहेर व्हायचं तसा माझा श्वास पण लागला. बाहेर आलो तेव्हा आकडा तीस.

कागल_रोड · २७ जुलै, रात्री १०:५०

दादा, हा तुमचा पहिला हंगाम आहे हे लक्षात ठेवा.

रंकाळा_संध्याकाळ · २७ जुलै, रात्री ११:२०

सलग तीन रात्री स्वप्न आणि तरी कामावर गेलात. मी हे माझ्या वहीत लिहून घेतलं.

गडहिंग्लज_फौजी · २८ जुलै, सकाळी ६:०५

फेब्रुवारीपासनं हा धागा वाचतोय. टेली मानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, तिथं गेल्या आठवड्यात फोन केला. पलीकडची मुलगी माझ्या नातीएवढी असेल, पण नीट ऐकून घेतलं तिनं. आमच्या घरात बायकोला काल सांगितलं, २६ वर्षांनी. ती म्हणाली मला माहीत होतं, तुम्ही रात्री नावं घेता.

कोल्हापुरात सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचारच्या ओपीडीत दाखवा म्हणालेत. मंगळवारी सकाळी येणार आहे. एकट्यानं आत जायला होईल असं वाटत नाही, खरं सांगतो.

शिरोळकर_३१ · २८ जुलै, सकाळी ६:३०

काका, या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट आहे, सकाळी मोकळा आहे. मंगळवारी गडहिंग्लजची पहिली गाडी धरा, मी स्टँडवर थांबतो. तिथनं माझ्या गाडीवर जाऊ. तुमचा नंबर मेसेजमध्ये पाठवा.